वाघ्याच्या रक्ताची स्लाईड, आणि राजारामपुरीतला एक दवाखाना

कोल्हापुरात कुत्रं पाळणाऱ्या सगळ्यांनी वाचावं म्हणून जरा लांबडंच लिहितोय. राजारामपुरीत एका बोळात कुत्र्या-मांजरांचा छोटा दवाखाना आहे, एक डॉक्टर, मदतीला एक पोरगा आणि टेबलावर एक मायक्रोस्कोप. नाव टाकत नाही कारण डॉक्टरांनीच तसं सांगितलं, गर्दी वाढली की संध्याकाळी निवांत स्लाईड बघायला वेळ मिळत नाही म्हणाले, आणि मला ते पटलं. माझ्याकडनं पाचपैकी पाच स्टार, आणि का ते सांगतो.

वाघ्या म्हणजे आमचं देशी कुत्रं. २०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी शाहूपुरीत कुंभार गल्लीकडनं आत आलं तेव्हा आमच्या जिन्याच्या पायरीवर ओंजळीत मावंल एवढं पिल्लू कुडकुडत बसलेलं, आईनं टॉवेलात गुंडाळलं आणि तेव्हापासून ते घरचंच. २०२१ चा पूरपण त्यानं आमच्याबरोबर वरच्या मजल्यावर काढला. पूर ओसरल्यावर काय होतं हे शाहूपुरीत राहणाऱ्याला सांगायला नको, चिखल, तळघरात साठलेलं पाणी, जयंती नाल्याचा वास आणि दिवेलागणीला डासांचा घोंगाट. आम्ही खिडक्यांना जाळ्या मारून घेतल्या, वाघ्या मात्र गॅलरीत झोपायचा, जाळीच्या बाहेर. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो सगळी इंजेक्शनं वेळेवर, जंताची गोळी तीन महिन्यांनी, त्यामुळं आपण त्याचं सगळं करतोय असंच वाटत होतं.

दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या खांद्यावर एक गाठ आली. हरभऱ्याएवढी, चामडीखाली बोटानं सरकणारी. तिथंच सारखा खाजवायचा, केस गेले. एका दुसऱ्या दवाखान्यात नेत होतो तेव्हा, त्यांनी मलम दिलं, मग दुसरं मलम दिलं, मग ॲलर्जी म्हणाले आणि शाम्पू दिला, असं करत वर्ष गेलं, पण रक्त एकदाही काढलं नाही. मधल्या काळात गोचीड झाली म्हणून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मात्र दोनदा टोचलं. त्या इंजेक्शनाचा मला आजही राग आहे, पुढं वाचलं की कळेल का.

दिवाळीच्या आधी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो जर्मनीत बर्लिनच्या जवळ राहतो, त्यानं आणि सुनबाईनं रोमानियातनं आणलेली एक कुत्री दत्तक घेतली. तिथल्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी रक्त काढलं आणि त्यात जंताची पिल्लं निघाली. पोटातली नव्हे, रक्तातली. डायरोफिलारिया रिपेन्स असं नाव. मी म्हटलं हे असलं रक्तात कुठनं आलं, तर म्हणाला, "डास चावून येतंय मामा. वाघ्याला तर उघड्यावर झोपवताय तुम्ही, त्याचं रक्त कधी बघितलंय काय?" मी गप्पच झालो. गॅलरीत वाघ्या पाय ताणून पडलेला आणि खांद्यावरची ती गाठ मागच्या पायानं खाजवत होता.

भाच्यानं मग रात्रीत एवढं काय काय पाठवलं की मी दोन दिवस तेच वाचत बसलो. या जातीचे दोन जंत महत्त्वाचे. एक डायरोफिलारिया इमिटिस म्हणजे हार्टवर्म, तो कुत्र्याच्या फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतो, मादी २५-३० सेंटीमीटर लांब होते आणि पाच-सात वर्षं जगते. दुसरा हा रिपेन्स, तो चामडीखाली राहतो. दोघांची पिल्लं रक्तात फिरतात, डास रक्त पितो तेव्हा त्याच्या पोटात जातात, तिथं वाढतात आणि मग डास पुढच्या कुत्र्याला चावला की त्याच्यात उतरतात. डासाशिवाय ही साखळी पूर्णच होत नाही, एका कुत्र्याकडनं दुसऱ्याला नुसतं चाटून-हुंगून काही लागत नाही.

आता यातली मुख्य गोष्ट. डासाच्या पोटात ते पिल्लू वाढायला ऊब लागते. साधारण १४ अंशांच्या खाली वाढ थांबते, २७-२८ अंश असेल तर दहा-चौदा दिवसांत तयार होतं. आपण थंडीत विरजण लावतो आणि सकाळी बघतो तर दूध तसंच, तसाच प्रकार. डास फार तर महिनाभर जगणार, तेवढ्यात ऊब पुरली नाही तर जंत डासाबरोबरच संपला. म्हणून वर्षानुवर्षं हा रोग युरोपात खालच्या भागात, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस असा राहिला. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात तर शिकारी कुत्र्यांत हे जंत सापडल्याचं चारशे वर्षांपूर्वीचं लिखाण आहे. त्याच्या वर उत्तरेला उन्हाळाच एवढा छोटा की विरजण लागायचंच नाही. आणि आता उन्हाळे लांबले, तापले, तसा हा वर वर सरकत निघालाय. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक, पोलंड, जर्मनी, तिथनं पार बाल्टिक देश आणि फिनलंडपर्यंत. भाचा राहतो त्या ब्रांडेनबुर्गात तर तिथल्याच डासांत रिपेन्स मिळाला, म्हणजे बाहेरनं आलेल्या कुत्र्यावर खापर फोडून भागत नाही, तो तिथं रुजलाय.

खरं नुसत्या उन्हानंही हे झालेलं नाही, कुत्र्यांचा प्रवासपण वाढलाय. दक्षिणेतली, पूर्वेतली बेवारस कुत्री उत्तरेकडची माणसं प्रेमानं दत्तक घेतात, कुत्र्याबरोबर जंत येतो, आधी तिथं आला तरी मरायचा, आता त्याला पुढं न्यायला तिथला डास आणि तिथली ऊब दोन्ही तयार. अमेरिकेत २००५ ला कतरिना वादळ आलं तेव्हा असंच झालं, लुइझियानाकडची बेघर कुत्री लांबलांबच्या राज्यांत दत्तक गेली आणि बऱ्याच जणांच्या रक्तात हार्टवर्म होता. हे वाचताना मला आमच्या जिन्यातलं ते पिल्लू आठवत होतं. आपल्या पुरात किती कुत्री कुठनं कुठं गेली, कुणी बघितलंय?

आणि फिनलंडच्या रेनडिअरचं वाचून तर पोटात कालवलं. तिथं सेटारिया टुंड्रा नावाचा याच गोतावळ्यातला जंत आहे, तोही डासातनंच जातो, रेनडिअरच्या पोटाच्या पोकळीत राहतो. १९७३ ला त्यानं हजारो रेनडिअर मारले, मग बरीच वर्षं शांत, आणि २००३ पासून परत मोठी साथ. उन्हाळा नेहमीपेक्षा तापला की मागनं साथ येते हे तिथल्या संशोधकांनी जोडून दाखवलं. बर्फातलं जनावर आणि डासातला जंत, आपल्याला एका वाक्यात ऐकायला पण विचित्र वाटतं.

आता आपलं बघा. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतही दिवसरात्रीची सरासरी १४ च्या बरीच वर असते. म्हणजे उत्तरेकडच्या लोकांना उन्हाळ्याचे दोन-तीन महिने ज्याची भीती, ते आपल्याकडं बारा महिने चालू शकतं. भारतात हार्टवर्म जास्त करून ईशान्येकडं आणि रिपेन्स दक्षिणेकडं असं डॉक्टर लोक सांगतात, केरळात तर माणसांच्या डोळ्यातनं, चामडीखालनं हा जंत काढल्याच्या केसेस बऱ्याच वर्षांपासून नोंदल्या गेल्यात. जर्मनीत नवा पाहुणा म्हणून पहिल्या दिवशी रक्त बघतात आणि आपल्याकडं हा जुना रहिवासी, तर कुणी बघतच नाही.

मी तीन दवाखान्यांत फोन केले. एकानं विचारलं हार्टवर्म म्हणजे काय, एकानं सांगितलं आपल्याकडं नसतोच. तिसरा हा. फोनवर डॉक्टरच होते, म्हणाले, "संध्याकाळी सातनंतर आणा, त्या वेळेला रक्तात पिल्लं जास्त असतात. आणि तोपर्यंत कुठलंही जंताचं किंवा गोचीडाचं औषध देऊ नका." तपासायच्या आधी काय द्यायचं नाही हे सांगणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटला.

गेलो. वाघ्याच्या पुढच्या पायातनं रक्त काढलं, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घातलं, दोनदा हळू उलटीपालटी केली. एक थेंब काचेवर, वरनं पातळ काच, आणि मायक्रोस्कोपखाली. डॉक्टर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग स्टूल सरकवलं आणि म्हणाले, या बघा. मी बघितलं तर आधी नुसत्या तांबड्या गोल गोल पेशी, चुरमुरे पसरल्यासारख्या. मग एका कोपऱ्यात पेशी हलायला लागल्या, आपोआप, वारं लागावं तशा. आणि मधनं एक बारीक, पारदर्शक, केसाच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळत गेलं, पेशींना ढकलत, परत वळलं, परत ढकललं. एका थेंबात मी चार मोजली. डॉक्टर म्हणाले, एकेकाची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. शेजारी वाघ्या मदतनीस पोराच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. मला कससंच झालं. एवढी वर्षं हे त्याच्या अंगात फिरत होतं आणि आम्ही मलम लावत होतो.

मग हार्टवर्मचा किट लावला, त्याला दहा मिनिटं लागतात. निगेटिव्ह. मी खूश झालो तर डॉक्टरांनी थांबवलं. तो किट मोठ्या हार्टवर्म मादीचा अंश पकडतो, चावल्यापासून सहा-सात महिने झाल्याशिवाय काही दाखवत नाही, आणि रिपेन्स तर त्यात येतच नाही. म्हणजे नुसता किट लावून "जंत नाहीत" म्हणून घरी पाठवलं असतं तर आम्ही फसलो असतो. स्लाईडवर पिल्लं आणि किट निगेटिव्ह म्हटल्यावर दुसराच जंत असणार, म्हणून त्यांनी थोडं रक्त फॉर्मॅलिनच्या पातळ पाण्यात मिसळून फिरवलं, खालचा गाळ निळ्या रंगानं रंगवला आणि पिल्लांची लांबी, शेपटीचं टोक मोजत बसले. साडेनऊ वाजले. बाहेर एक पामेरेनियन आणि एक लॅब ताटकळत होते, त्यांच्या मालकांची मी इथं माफी मागतो.

इंजेक्शनाचं आता सांगतो. रक्तात एवढी पिल्लं असताना आयव्हरमेक्टिनसारखं औषध न बघता टोचलं तर ती एकदम मरतात आणि त्यानं कुत्र्याला शॉक बसू शकतो, जीव जाऊ शकतो. कॉलीसारख्या काही जातींना तर ते औषध रक्त साफ असलं तरी जास्त डोसात सोसत नाही. औषध वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालंय, जगभर माणसांनापण देतात, आणि महिन्याला नेमक्या छोट्या मात्रेत तेच हार्टवर्मपासून कुत्र्याला वाचवतं. खरं आधी रक्त, मग औषध. आमचा वाघ्या दोनदा वाचला ते नशीब.

तिसऱ्या दिवशी खांद्यावरची गाठ काढली. जागा बधिर करून अर्ध्या इंचाची चीर दिली आणि चिमट्यानं आतनं एक पांढरा दोरा ओढला, वेटोळं करून बसलेला, सुटा केला तर बोटापेक्षा लांब. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत टाकला तर हळूच वळला. डॉक्टरांनी भिंगाखाली अंगावरच्या लांबीनं गेलेल्या बारीक रेघा दाखवल्या, म्हणाले रिपेन्सची ही खूण, हार्टवर्म गुळगुळीत असतो. ती बाटली मी घरी आणून आईला दाखवली. आई ब्याऐंशी वर्षांची, बघितल्यावर काही बोलली नाही, उठली आणि तिच्या खोलीतली जुनी मच्छरदाणी काढून गॅलरीत वाघ्याच्या जागेवर बांधली.

उपचार म्हणजे मॉक्सिडेक्टिन असलेलं मानेवर टाकायचं औषध, महिन्यातनं एकदा, सहा महिने. पहिला डोस दवाखान्यातच टाकला आणि तीन तास बसवून घेतलं, काही झालं तर समोर असावं म्हणून. सलाईन काढून ठेवलेलं होतं. कुणी हे वाचून परस्पर औषध आणून टाकू नका, प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं, आणि हार्टवर्म निघाला तर उपचार एकदम वेगळे, पाठीच्या स्नायूत खोल इंजेक्शनं आणि महिनोन्‌महिने कुत्र्याला पळू द्यायचं नाही, कारण मेलेला जंत फुप्फुसाच्या नळीत अडकतो.

गल्लीत बातमी पसरली तसं लोक वाघ्याकडं बघून लांबनं जायला लागले. शेजारच्या वहिनी मूळच्या गोंदियाच्या, त्यांनी थेट विचारलं, "भाऊजी, हत्तीपाय होतो तोच ना हा?" त्यांच्याकडं लहानपणी रात्री आरोग्य खात्याची माणसं बोटातनं रक्त घ्यायला यायची, कारण त्या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात, आणि विदर्भात अजूनही गोळ्यांची मोहीम असते. मी पुढच्या वेळी वहिनींना डॉक्टरांकडंच घेऊन गेलो. त्यांनी निवांत समजावलं. गोतावळा एकच, जंत वेगळा. हत्तीरोगाचा जंत माणसातनं डासात आणि डासातनं माणसात जातो, कुत्र्याचा त्यात काही संबंध नाही. वाघ्याच्या जंताला माणूस मानवत नाही, बहुतेक वेळा एखादाच वाट चुकून येतो, चामडीखाली गाठ नाहीतर डोळ्याच्या पांढऱ्यावर सरकताना दिसतो, काढून टाकला की झालं. कुत्र्याला हात लावून, जवळ घेऊन काही होत नाही, डासानं चावायला लागतं. वहिनी परत येताना रिक्षात वाघ्याला मांडीवर घेऊन बसल्या. डासातनं रोग पसरतो हे जगाला पहिल्यांदा याच गोतावळ्यातल्या जंतामुळं कळलं, १८७७ ला चीनमधल्या अमॉयमध्ये पॅट्रिक मॅन्सननं डासाच्या पोटात हत्तीरोगाची पिल्लं वाढताना बघितली, मलेरियाचं रॉसनं सिकंदराबादेत सिद्ध केलं त्याच्या वीस वर्षं आधी. हे पण डॉक्टरांनीच सांगितलं, त्यांना या विषयाचं वेड आहे हे त्यांच्या डोळ्यात दिसतं.

गल्लीचं एक काम मात्र झालं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं जुन्या टायरांची रास होती, पावसाचं पाणी साठलेलं. एडिस डास अशाच पाण्यात अंडी घालतो, युरोपात टायगर डास गेला तोच जुन्या टायरांच्या व्यापारातनं, १९९० ला इटलीत जेनोआच्या बंदरात असाच उतरला म्हणतात. मी हे पंक्चरवाल्या दादांना सांगितलं तर त्यांनी वाद न घालता टायर आत घेतले, वर पत्रा टाकला. गटारातल्या क्युलेक्स जातीच्या डासाचं काय करायचं हे मात्र आमच्या हातात नाही, नाला तसाच वाहतोय, आणि क्युलेक्सपण हा जंत नेतो.

दवाखान्यातल्या कमतरता पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. नंबर लावायची सोय नाही, जाऊन बसायचं, मला एकदा पावणेदोन तास लागले. बसायला एकच बाक, कुत्री समोरासमोर आली की भांडतात, मांजर असेल तर पिशवीत झाकूनच न्या. डॉक्टर स्लाईड बघत असले की फोन उचलत नाहीत. रिपोर्ट हातानं कागदावर लिहून देतात, अक्षर लागत नाही, मी फोटो काढून त्यांच्यासमोरच वाचून घेतो. एक्स-रे, सोनोग्राफी नाही, त्यासाठी दुसरीकडं पाठवतात. बोळात चारचाकी जात नाही. पैशाचं म्हणाल तर स्लाईडचे दोनशे, किटचे अकराशे घेतले, किट लावायच्या आधी रक्कम सांगितली, आणि स्लाईडवर काही दिसलं नसतं तरी किट का लावायचा तेही सांगितलं, काही कुत्र्यांत मोठे जंत असून रक्तात पिल्लं नसतात म्हणून. गाठ काढल्यावर टाके काढायचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

परवा सहावा डोस होऊन महिना झाला म्हणून परत गेलो. संध्याकाळी सव्वासातला, तोच पाय, तीच जांभळ्या झाकणाची बाटली. या वेळी डॉक्टरांनी आधी मलाच स्टुलावर बसवलं. मी एका कडेपासनं दुसऱ्या कडेपर्यंत अख्खी काच बघितली, नुसत्या पेशी, एकही जागची हलत नव्हती. मग त्यांनी स्वतः बघितली, गाळ करून परत बघितला आणि कागदावर लिहिलं, दिसले नाहीत, सहा महिन्यांनी परत आणणे. खांद्यावर केस आलेत, थोडे पांढरट.

जाणाऱ्यांनी सातनंतर जा, बुधवारी बंद असतं, कुत्र्याला उपाशी ठेवायची गरज नाही. आधीच्या दवाखान्याचं कार्ड बरोबर न्या, कुठलं इंजेक्शन कधी दिलं ते डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.